फिटची गोळी कुणी विचारलीच नव्हती

(प्रकरण: मुलगा, वय ३ वर्षं ३ महिने. आलेलं बोलणं गेलं, नावाला ओ देत नाही. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत.)

पेरण्या खोळंबल्या की आमच्या ओपीडीला गर्दी होते, माणसं मोकळी असतात. २०२३चा जून तसाच होता. मृग कोरडा गेला होता आणि बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावाहून हे कुटुंब दोन जीप बदलून अंबाजोगाईला आलं होतं. आई रेखा, बाप बाळू, बाळूची आई आणि समर्थ.

समर्थ कडेवरून उतरला तो सरळ लसींच्या फ्रिजपाशी गेला आणि दाराला कान लावून उभा राहिला. आतली मोटर थांबली की तोंड वाकडं करून रडायचा, घरघर सुरू झाली की शांत. वीस मिनिटांत त्यानं एकदाही वळून आईकडं पाहिलं नाही. मी हाक मारली, टाळी वाजवली, खुळखुळा हलवला. काही नाही. बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळला तेव्हा मात्र झटक्यात वळला. म्हणजे ऐकू येत होतं. तरी बेरा चाचणी (कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) करून घेतली, कारण 'ऐकू येत असावं' एवढ्यावर निदान उभं करायचं नसतं. ती नॉर्मल आली.

"दीड वर्षाचा असताना 'माय' म्हणायचा, 'पाणी' म्हणायचा," आजी म्हणाली. "मग बोलंनाच बगा. कशामुळं झालं, मॅडम?"

निदानाला फार वेळ लागला नाही. आपल्याकडं प्रमाणपत्रासाठी जी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यावर समर्थचे गुण ११२ आले. ७०च्या पुढं स्वमग्नता (ऑटिझम) धरतात, १०७ ते १५३ मध्यम. वेळ लागला तो आजीच्या प्रश्नाला, आणि त्यात चूक झाली ती माझी.

उत्तरं घरात आधीच तयार होती. आजीचं पहिलं उत्तर ग्रहण. २६ डिसेंबर २०१९ला सकाळी सूर्यग्रहण होतं. रेखाला तेव्हा सातवा महिना लागलेला आणि ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, फडावर कोपीत म्हणजे झोपडीत राहायची. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दोघांच्या मिळून एका कोयत्यावर घेतलेली, एक जण बसला तर खाडा पडतो. "मी फोनवर सांगायले, आज कोयत्याला हात लावू नको, कोपीतच बस. ऐकलं नाही."

मी आजींना विचारलं, त्या दिवशी तुमच्या गावच्या टोळ्यांत आणखी कोण कोण पोटुशी होती? त्यांनी बोटांवर मोजल्या. सहा जणी निघाल्या. त्यांच्या लेकरांचं काय? "बोलतेत की. एक तर लई बडबड्या हाय." आजी थांबल्या आणि स्वतःशीच 'अस्सं' म्हणाल्या. मला पुढं काही बोलावं लागलं नाही. ज्याला झालं तेवढ्याचाच हिशेब धरला तर कुठलीही गोष्ट कारण वाटते. तीच गोष्ट घडून ज्याला काही झालं नाही तोही मोजावा लागतो. मोठमोठे अभ्यास करतात ते हेच, फक्त त्यांची टोळी मोठी असते.

दुसरं उत्तर लस. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस ऑगस्ट २०२१मध्ये झाला, समर्थ १७ महिन्यांचा होता आणि त्याच दिवाळीपर्यंत त्याचे शब्द गेले. आईबापांना हा क्रम खोटा ठरवून सांगू नये, तो खराच असतो. स्वमग्न मुलांपैकी काहींचं आलेलं बोलणं साधारण दीड-दोन वर्षांच्या सुमारास ओसरतं आणि नेमका तोच आपल्या लसीकरणाच्या कार्डावरचा रकाना असतो. लसीवरचा आळ आला १९९८च्या एका ब्रिटिश लेखातून. त्यात मुलं होती १२. लेख २०१०मध्ये मागं घेतला गेला, लिहिणाऱ्या डॉक्टरची नोंदणी रद्द झाली. पुढं डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१९ला निष्कर्ष छापला: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण सारखंच. मी आजींना वेगळीच बाजू सांगितली. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला स्वमग्नतेचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या १९६४च्या साथीनंतर दिसलं होतं. २४३ मुलं तपासली, त्यांतल्या १८ जणांत पूर्ण किंवा अर्धवट लक्षणं. म्हणजे जिच्यावर संशय घ्यायचा तीच सुई एक कारण अडवते. समर्थ तोवर पुन्हा फ्रिजला कान लावून उभा होता.

मोबाइलचं उत्तर बाळूचं. कोपीत लेकरू सांभाळायला कुणी नाही, तेव्हा फोन हातात. बोलणं उशिरा येण्यात फोनचा वाटा असू शकतो, फोन कमी कराच म्हटलं. पण फोननं स्वमग्नता आली असं मी लिहिणार नाही. ज्या लेकराला माणसांकडं बघायची ओढ मुळात कमी, ते पडद्याला जास्त चिकटतं, हेही तितकंच खरं.

मग बाळूनं आवाज खाली आणून विचारलं, "मामाची पोरगी केली म्हणून तर नाही?"

रेखा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे सासू तिची आत्या. आमच्या भागात हे इतकं रुळलेलं आहे की ओपीडीत 'नात्यात लग्न?' विचारलं तर 'नाही, मामाचीच' असं उत्तर येतं. अशा जोडप्याच्या मुलात जनुकांच्या सोळाव्या हिश्श्यात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असू शकतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच उमटणारे दुर्मीळ आजार त्यामुळं वाढतात. जन्मजात दोषांचं एरवीचं दोन-तीन टक्क्यांचं प्रमाण साधारण दुपटीकडं जातं. स्वमग्नतेची काही दुर्मीळ जनुकं २००८मध्ये सापडली ती अशाच चुलत-मामेभावंडांत लग्नं झालेल्या घराण्यांत शोध घेऊन. पण बहुतेक स्वमग्न मुलांचे आईबाप एकमेकांचे कुणी लागत नाहीत. आणि या घरात गंमत अशी, की 'तुमच्याकडचं' आणि 'आमच्याकडचं' हे भांडण करायला दोन घरंच नव्हती. रेखाचा बाप म्हणजे सासूचा सख्खा भाऊ. आजी रक्ताला नावं ठेवायला लागल्या की आपल्याच माहेरी येऊन थांबायच्या.

फवारणीचं मी स्वतः विचारलं. २०१९च्या पावसाळ्यात, पहिल्या तीन-चार महिन्यांत, रेखा कपाशीवर जायची. पंप बाळूच्या पाठीवर, पाणी आणून औषध कालवायचं काम तिचं, काडीनं नाहीतर हातानंच. कॅलिफोर्नियात गरोदरपणी फवारणीच्या शेतांजवळ राहणाऱ्या बायांच्या मुलांत स्वमग्नता काहीशी जास्त दिसली आहे. २०१४ आणि २०१९चे अभ्यास आहेत. तिथं मोजलं होतं ते घरापासून शेताचं अंतर. आमच्याकडं बाईचे हातच औषधात असतात. पण या मुलात त्याचा वाटा किती, हे सांगायला कुठलीही तपासणी नाही. पुढच्या गरोदरपणात औषध कालवायचं काम तिनं करायचं नाही, एवढं लिहून दिलं.

बाकीचं पटापट उरकलं. आईचं वय तेव्हा २२, बापाचं २५, म्हणजे उतारवयाचा मुद्दा नाही. मार्च २०२०च्या सुरुवातीला, हंगाम चालू असतानाच, तिकडच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण. वजन २ किलो ३००, लगेच रडला. महिनाभरात टाळेबंदीत अडकलेल्या टोळ्यांबरोबर घरी. फ्रॅजाइल एक्स या जनुकदोषाची तपासणी केली, कारण मुलगा आहे आणि हे एक जनुक सापडलं तर मावश्या-मामांच्या घरापर्यंत उपयोगाचं असतं. तीही नॉर्मल.

आता माझी चूक. पहिल्या दिवशीच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'वरचा ओठ पातळ, नाक व ओठ यांमधली खोबण सपाट, नाकाचा पूल रुंद. लघवीचं छिद्र खाली, त्याची शस्त्रक्रिया झाली आहे.' त्याच कागदावर दोन ओळी वर: 'गरोदरपणात औषधं: रक्तवाढीच्या गोळ्या.' या दोन ओळी एकमेकींशेजारी वाचल्या असत्या तर मला थांबावंसं वाटलं असतं. पण औषधांचा प्रश्न मी रेखाला सासू आणि नवऱ्यासमोर विचारला होता, आणि उत्तर सासूनं दिलं होतं.

तिसऱ्या खेपेला रेखा एकटी आली. फीचे पैसे काढायला तिनं कमरेची पिशवी उघडली आणि नोटांबरोबर गोळ्यांची एक पट्टी टेबलावर पडली. मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेली, नावाची मागची अर्धीच अक्षरं उरलेली. मी ती उचलायच्या आत तिनं हात ठेवला. मग स्वतःच हात काढला.

"फिट येते मला. चवथीत होते तवापसून. ह्यांना म्हाईत नाही."

सोडियम व्हॅल्प्रोएट, ५०० मिलिग्राम, दिवसातून दोनदा. लग्नाआधीपासून. समर्थच्या वेळी नऊ महिने. दर महिन्याला पट्टी भावाकडून यायची. फडातल्या कोपीत ती तांदळाच्या डब्यात तळाला असायची.

व्हॅल्प्रोएट चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, फिट थांबवतं. पण गरोदरपणी घेतलेल्या औषधांत बाळाच्या मेंदूच्या दृष्टीनं सगळ्यांत बदनाम हेच, आणि उगाच नाही. दहात एका बाळाला जन्मजात दोष, दहात तीन-चार जणांच्या बोलण्या-शिकण्यात अडचणी. म्हणूनच युरोपात २०१८पासून मूल होण्याच्या वयातल्या बायांना हे देण्यावर कडक बंधनं आहेत. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००६ दरम्यान जन्मलेल्या साडेसहा लाख मुलांच्या अभ्यासात एकूण स्वमग्नतेचं प्रमाण निघालं १.५३%, पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या ५०८ मुलांत ४.४२%. कुणी म्हणेल, दोष औषधाचा नसेल, फिटच्या आजाराचाच वारसा असेल. ती शंका रास्तच, कारण फिट आणि स्वमग्नता यांची काही जनुकं सामाईक आहेत. म्हणून त्यांनी फक्त फिट येणाऱ्या आयांची मुलं वेगळी काढून पाहिली. व्हॅल्प्रोएट घेतलेल्यांत ४.१५%, न घेतलेल्यांत २.४४%. म्हणजे आजाराचा वाटा थोडा आहेच, त्यावर औषधाचा वेगळा.

रेखाचा प्रश्न एकच होता. "ही गोळी खाऊन दुसरं लेकरू बी असंच व्हईल का?"

मी तिला सांगितलं की गोळी बदलता येते, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून हळूहळू, तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि मनानं गोळी बंद करायची नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं होतं. पण ज्या बाईनं नुकतंच ऐकलंय की आपल्या गोळीनं लेकराचं वाटोळं झालं असेल, तिला पुढचं काही ऐकू येत नाही, हे मला कळायला हवं होतं. तिनं त्याच रात्री गोळी सोडली. पाचव्या दिवशी भाकरी करताना फिट आली आणि उजवा हात तव्यावर गेला.

तिला घेऊन सासू आली. पट्टी बांधून होईपर्यंत गप्प बसली. मग म्हणाली, "मला ठाव व्हतं, मॅडम. माझ्या भावाची पोर हाय ती. ल्हानपणी माझ्याच मांडीवर फिट आलेली तिला. बाहेर कोण करून घेतंय म्हणून मीच केली." बाळूला बोलावलं, तर त्यालाही माहीत. कोपीत दोनदा रात्री पाहिलं होतं त्यानं, पण आईला कळलं तर रेखाला माहेरी धाडील म्हणून बोलला नव्हता. दहा बाय दहाच्या कोपीत, उसाच्या पाचटावर शेजारी शेजारी झोपणारं जोडपं, गावाकडं आजी, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून तीच गोष्ट लपवत होता. ग्रहण, लस, मोबाइल ही उत्तरं एवढ्या जोरात का येत होती, ते मला तेव्हा समजलं. बोलता येण्यासारखी तेवढीच होती.

त्या दिवशी तिघांना समोर बसवून जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहिते, कारण असं प्रकरण समोर आलं की सहकारी विचारतात, 'टक्केवारी कशी समजावता?'

बी आणि जमीन ही उपमा मी वापरत नाही. आपल्याकडं ती बाईवर खापर फोडायलाच वापरली गेली आहे. मी आणेवारीचं उदाहरण घेते, कारण मराठवाड्यात ती शेंबड्या पोरालाही कळते. गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे गावात दुष्काळ. त्यावरून बाळूच्या वावरात किती क्विंटल झालं ते कळत नाही, आणि कशामुळं गेलं तेही नाही. पावसानं, अळीनं की बोगस बियाण्यानं? शंभरात साडेचार ही आणेवारी आहे. गोळी घेतलेल्या शंभर आयांपैकी पंच्याण्णवांची लेकरं स्वमग्न झाली नाहीत. जनुकांचं तसंच. पाच देशांतल्या २० लाख मुलांच्या नोंदींवरून २०१९मध्ये अंदाज निघाला, की लोकांमध्ये स्वमग्नतेबाबत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ८०% वारशानं आलेल्या जनुकांशी जोडता येतो. कॅलिफोर्नियातल्या जुळ्यांच्या २०११च्या अभ्यासात हाच आकडा ४०च्या खाली आला होता. दोन्ही आकडे गावाचे आहेत. 'समर्थचा आजार ८०% आईबापाकडून आणि २०% गोळीतून' असा त्यांचा अर्थ होत नाही, जरी वर्तमानपत्रं तो तसाच छापतात.

"मग वावराचं कसं कळणार?" बाळूनं विचारलं. प्रश्न बिनचूक होता. वावराचा पंचनामा करावा लागतो. समर्थचा ओठ, नाकाखालची सपाट खोबण, लघवीच्या जागेचा दोष, हा पंचनामा. गर्भात व्हॅल्प्रोएटचा परिणाम झालेल्या बाळांत हेच एकत्र दिसतं. त्यामुळं औषध या बाळापर्यंत पोचलं आणि त्याच्या घडणीत शिरलं हे मी बऱ्यापैकी खात्रीनं लिहू शकते. स्वमग्नता त्याच्यामुळंच आली का, हे मात्र 'बहुधा वाटा आहे' एवढंच. तीच गोळी, तेवढीच मात्रा घेऊन एखादीचं मूल ठणठणीत का निघतं, याचं उत्तर परत जनुकांकडं जातं. जनुकं पेशीत गुंडाळून ठेवलेली असतात. व्हॅल्प्रोएट ती गुंडाळी सैल करतं, मग नको त्या वेळी नको ती जनुकं चालू होतात. आता हे कारण 'वातावरणाचं' म्हणायचं की 'जनुकांचं'? आमच्या फॉर्मवर दोन वेगळे रकाने आहेत. मी दोन्हींवर खूण करते.

आजी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ह्या पोरीनं काही केलं नाही."

नाहीच. डॉक्टरनं लिहिलेली गोळी तिनं नेमानं घेतली. ती घेतली नसती तर फडातल्या फिटनं आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकलं असतं. चूक कुठं असेल तर ती वयात आलेल्या मुलीला हे औषध वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवण्यात, आणि लग्न ठरताना कुणी तिला 'आता गोळी बदलून घे' असं न सांगण्यात. पण ते सांगणार कोण आणि कुणाला, जिथं फिटचा उच्चारच लग्न मोडतो? आता मी औषधांचा प्रश्न बाईला एकटीला विचारते. बाकीच्यांना त्या वेळी वजन करायला पाठवते.

पुढं तज्ज्ञांनी दोन महिन्यांत व्हॅल्प्रोएट उतरवत लेव्हेटिरासिटॅम हे फिटचंच दुसरं औषध चढवलं. बाळाच्या विकासाच्या दृष्टीनं हे आणि लॅमोट्रिजीन आजवरच्या अभ्यासांत बरे दिसले आहेत. टोपिरामेट मात्र नाही. २०२२च्या नॉर्डिक देशांच्या अभ्यासात त्यातही धोका दिसला, म्हणून 'व्हॅल्प्रोएट नको ना, मग हे घ्या' असं डोळे झाकून करू नये. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्राम दिवस राहण्याआधीच सुरू केलं, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८व्या दिवसापर्यंत मिटते, बाईला दिवस गेल्याची खात्री होते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. जनुकांची मोठी तपासणी, मायक्रोअरे, कुटुंबानं नको म्हटली. तिच्यात दहांत एखाद्याला काही सापडतं आणि समर्थच्या उपचारात त्यानं फरक पडला नसता. मी आग्रह धरला नाही.

समर्थचं अपंगत्वाचं कार्ड निघालं. घरी आजीच त्याच्याशी बसते. पाण्याच्या तांब्याचा फोटो तिनं पुठ्ठ्यावर चिकटवून रांजणाला टांगला आहे, तो पुठ्ठा हातात आणून दिला तरच पाणी. पहिले सहा आठवडे तो नुसता रांजणापाशी रडायचा. आता पुठ्ठा आणतो. कधीकधी तांब्याकडं न बघता 'पा' म्हणतो.

२०२४च्या दिवाळीनंतर रेखाला मुलगी झाली. त्या हंगामात टोळीबरोबर बाळू एकटाच गेला, अर्धा कोयता म्हणून. स्वमग्न मुलाच्या पाठच्या भावंडांत साधारण पाचात एकाला स्वमग्नता आढळते; समर्थमध्ये औषधाचा वाटा मोठा असेल तर मुलीचा धोका त्याहून कमी, पण तो आकडा मी काढू शकत नाही आणि काढून दिला नाही. दीड वर्षाची होईपर्यंत तिला दर तीन महिन्यांनी आणायचं ठरलं. नावाला वळते का, बोट दाखवलं तिकडं बघते का, स्वतः बोट दाखवते का, एवढंच बघायचं. कागदावरची एक तारीख उसाच्या हंगामात पडत होती. आजींनी ती खोडायला लावली आणि म्हणाल्या, "आमी इथंच असतो तवा. तीच ठेवा."